ओंबीच्या सहा हजार चारशे बारा नोंदी

इर्बिद शहर, गुरुवार, दि. २७ मार्च २००८, सकाळी १०.२० पासून.

मी, इब्तिहाज फव्वाज मलकावी, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी (मुलींच्या सरकारी शाळेत शिवणकामाची शिक्षिका), राहणार बारिहा वस्ती, पावाच्या भट्टीच्या वरचा दुसरा मजला, इर्बिद, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर पती आणि दोन मुलांसह राहते. मला आज इथे आरोप असलेली बाई म्हणून बोलावलं आहे. माझीसुद्धा तक्रार आहे, ती आधी लिहून घ्या असं मी आल्याआल्या म्हटलं. फौजदार अदहम म्हणाले, "बाई, एका वेळी एकच. आधी डबा, मग तुमची बहीण." मी म्हटलं, डबा आणि बहीण वेगळं करता येत नाही. त्यावर ते "बरं, बोला" म्हणाले. म्हणून हा जबाब लांबला तर तो दोष माझ्या माथी मारू नये.

मंगळवार दि. २५ मार्च रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास युनिव्हर्सिटी रस्त्यावरच्या बुरहान नसूह यांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून मी टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा वायरी उपटून उचलला आणि टॅक्सीने घरी नेला. हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. बुरहान यांनी त्यांच्या अर्जात "गुपचूप नेला" असं लिहिल्याचं मला वाचून दाखवलं. ते खोटं आहे. दुकानात ते स्वतः समोर उभे होते, दोन गिऱ्हाइकं होती, आणि डबा जड असल्यामुळे दार मला त्यातल्याच एका गिऱ्हाइकाने उघडून धरलं. मी त्याचे आभार मानले.

डबा सध्या माझ्या घरी शिवणयंत्राच्या टेबलावर आहे. तो मी फोडलेला नाही. परत देणार आहे, पण माझं काम झाल्यावर. मला त्यातून माझी बहीण हियाम हिचं लिहिलेलं काढून घ्यायचं आहे. त्यातही दि. ३ फेब्रुवारीची एक नोंद मला हवी आहे. ती नोंद कुठे आहे हे बुरहान यांना विचारलं जावं, हीच माझी तक्रार आहे.

माझी धाकटी बहीण हियाम फव्वाज मलकावी, वय ४४, अविवाहित, जमीन नोंदणी कार्यालयात कारकून होती. ती आमचा मोठा भाऊ अदीब याच्या घरी राहत असे. ती बुधवार दि. ६ फेब्रुवारी रोजी सकाळी इस्पितळात वारली. आजार पोटाचा होता आणि तो मागच्या उन्हाळ्यापासून होता. मी तिला भेटायला दि. ५ ला गेले. तेव्हा ती बोलत नव्हती.

फौजदारांनी विचारलं, फोरम म्हणजे काय प्रकार आहे. माझ्या भावालाही ते शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून नीट सांगते. फोरम म्हणजे शाळेसारखं समजावं. बुरहान हे हेडमास्तर. त्यांनी सात वर्षांपूर्वी "बैदर" नावाने हा फोरम सुरू केला. आपल्याकडे गावात मळणीच्या खळ्याला म्हणतात तेच नाव. त्यात वेगवेगळे वर्ग असतात: स्वयंपाक, आजारपण, शेती, लग्नकार्य, विनोद, कविता. प्रत्येक वर्गाला एक देखरेख करणारी बाई किंवा बुवा असतो. कुणीही विषय मांडतं, खाली बाकीचे उत्तरं लिहितात. नव्या उत्तराबरोबर विषय वर येतो, उत्तर आलं नाही की खाली खाली जात दिसेनासा होतो. म्हणून लोक काही सांगायचं नसलं तरी नुसतं "वर, वर" असं लिहून जातात. चांगला विषय असेल तर देखरेख करणारी बाई त्याला टाचणी मारून वर्गाच्या माथ्यावर ठेवते. भांडण झालं की कुलूप लावते. प्रत्येक विषयापुढे दोन आकडे दिसतात, किती जणांनी वाचला आणि किती जणांनी उत्तर दिलं.

खरं नाव तिथे कुणी लावत नाही. हियामचं नाव होतं "ओंबी". पन्नास नोंदी झाल्या की नावाखाली "सक्रिय" येतं, हजार झाल्या की "सोनेरी", पाच हजारांवर "हिरा". हियामच्या सहा हजार चारशे बारा नोंदी होत्या. "आजीची पेटी" हा वर्ग तिच्याकडे होता आणि देखरेख करणाऱ्यांची नावं हिरवी दिसतात, तसं तिचंही दिसे. ऑफिसात तिला वीस वर्षांत कुणी बढती दिली नाही. इथे ती हिरवी होती.

त्या वर्गात तिने काय लिहिलं, तर आमच्या मलका गावच्या बायका काय शिजवायच्या, पिठाच्या पोळ्यांच्या थरांत कोंबडी आणि कांदा भरून मकमूरा कसा भाजायच्या, कशाला काय म्हणायच्या, कुठल्या टाक्याला काय नाव, बाळंतिणीला काय देत, मेंदीच्या आदल्या दिवशी काय गात. तीन गाणी तिने स्वतःच्या आवाजात म्हणून ठेवली होती. तिचा आवाज फार चांगला नव्हता. वरच्या पट्टीत फाटायचा. आईचाही तिथेच फाटायचा.

ती वारली त्याच दुपारी बुरहान यांनी फोरमच्या माथ्यावर काळी पट्टी लावून बातमी टाकली. दोन दिवसांत चारशे सतरा उत्तरं आली. मी सगळी वाचली. तीनशेहून जास्त शब्दशः सारखी होती. एकीने वरचीचा मजकूर उचलताना खाली त्या वरचीचं नावसुद्धा तसंच ठेवलं होतं. प्रार्थना कुणी मनापासून केली आणि कुणी नोंदींचा आकडा वाढवायला केली हे देवाला ठाऊक. ज्या बायकांना तिने तासन्‌तास बसून टाके समजावले, त्यातल्या एकीलाही तिच्याबद्दल स्वतःची एक ओळ सुचली नाही.

तिसऱ्या दिवशी एका "हिरा" सदस्याने खाली लिहिलं की, बहिणीची गाणी अजून इथे वाजत आहेत, प्रत्येक ऐकणाऱ्यागणिक तिच्या कबरीतलं ओझं वाढतं आहे, देवाला भ्या. मग तशी वीस-पंचवीस उत्तरं आली. ही त्या फोरमवरची रीतच आहे. सदस्य वारला की त्याची गाणी, चित्रं काढून टाकतात, मागे पाप वाहत राहू नये म्हणून. काहीजण तर जिवंतपणीच आपल्या सहीखाली लिहून ठेवतात की, मी गेले तर माझं हे हे काढा. हियामने असं कधीही लिहिलेलं नव्हतं. हे माझ्या जबाबात ठळक लिहावं.

बुरहान शोकाच्या मांडवात माझ्या भावाकडे गेले आणि त्याच्या कानात काहीतरी बोलले. अदीब म्हणाला, "जे तिला बरं पडेल ते कर, बाबा." अदीबला वाटलं, कुठेतरी भिंतीवर तिचा फोटो लावला आहे तो उतरवायचा आहे. हे त्याने मला नंतर सांगितलं. मी बायकांच्या मांडवात होते, पन्नास पावलांवर. मला कुणी विचारलं नाही. मी सख्खी बहीण आहे, पण विचारायचं भावाला, कारण तो पुरुष आणि मांडवाच्या दाराशी बसलेला. शनिवार दि. ९ फेब्रुवारी रोजी दुपारी बुरहान यांनी बटण दाबलं.

मंगळवार दि. १२ रोजी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या दुकानात गेले. आमचं बोलणं मला आठवतं तसं सांगते.

मी विचारलं, "हियामचं लिहिलेलं कुठे आहे?"

ते म्हणाले, "मावशी, आधी बसा. चहा सांगतो."

"चहा राहू दे. कुठे आहे ते सांग."

"काढलं, मावशी. तिच्याच भल्यासाठी काढलं. अदीबकाकांना विचारून."

"गाणी तीन होती. तीन काढायची होतीस. बाकीचं कुठे गेलं?"

त्यावर ते म्हणाले, "सहा हजार नोंदी मी एकेक बघत बसलो असतो तर ईद आली असती. सदस्याचं सगळं काढा, असं एकच बटण असतं. दाबलं. आतमध्ये अजून कुठे गाणं असेल, कुठे चित्र असेल, काय सांगावं. निदान आता ती मोकळी झाली."

मी विचारलं, "आईच्या मकमूऱ्यात कुठलं पाप होतं रे? कांदा चिरण्यात होतं का? बाळंतिणीला मेथी देतात त्यात होतं?"

ते म्हणाले, "मावशी, माझा बाप गेला तेव्हा मी त्याचे सगळे फोटो फोरमवरून काढले. घरातलेसुद्धा. मी मेलो तर माझंही कुणीतरी असंच साफ करावं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते ढोंग नव्हतं. ढोंग असतं तर मला सोपं गेलं असतं, दोन शिव्या हासडून निघून आले असते.

परत आणता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाही. फोरम ज्या मशीनवर राहतो ती परदेशात भाड्याने घेतलेली आहे. त्याची एक प्रत ते दर महिन्याच्या एक तारखेला दुकानातल्या डब्यात उतरवून घेतात, पण दि. ९ ला काम उरकल्यावर त्यांनी लगेच नवी प्रत उतरवली, जुनीच्या जागी. "स्वच्छ प्रत असावी म्हणून," असं म्हणाले. हा शब्द त्यांचा आहे. माझ्या बहिणीचं चार वर्षांचं लिहिलेलं त्यांच्या लेखी केर होता.

फौजदारांनी विचारलं, मग गेलं ते गेलं, डबा कशाला उचलला. त्याचं उत्तर असं आहे.

दि. १७ मार्चला हियामचे चाळीस दिवस झाले. त्यानंतर मी घरच्या कॉम्प्युटरवर "आजीची पेटी" उघडली. ओंबीच्या नावापुढे शून्य होतं. ज्यांना एकही उत्तर आलं नव्हतं ते तिचे विषय तर बुडासकट गेले होते; बाकीच्यांत तिचं सगळं जाऊन फक्त इतरांची उत्तरं उरली होती. पण त्या उरलेल्या उत्तरांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. फोरमवर कुणाला उत्तर देताना एक बटण असतं. ते दाबलं की समोरच्याचं बोलणं एका चौकटीत जसंच्या तसं आपल्या उत्तराच्या डोक्यावर येतं, वर त्याचं नाव, खाली आपण लिहायचं. ती चौकट आपल्या उत्तराचा भाग होते. समोरच्याची मूळ नोंद काढली तरी चौकट जात नाही. म्हणजे ज्यांनी ज्यांनी हियामला चौकटीत धरून उत्तर दिलं होतं, त्यांच्या उत्तरांत हियाम तशीच होती. शब्दन्‌शब्द.

हे मी आपल्यापाशी ठेवायला हवं होतं. मी परवा मंगळवारी दोन तासांची रजा टाकून बुरहानकडे गेले आणि म्हटलं, "त्या चौकटींना हात लावू नकोस. तेवढंच राहिलंय." यापेक्षा मोठा मूर्खपणा मी जन्मात केलेला नाही. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे हो, चौकटी राहिल्याच की. बरं झालं आठवण केलीत, मावशी. शुक्रवारी नवीन आवृत्ती चढवतोय, तेव्हा तिच्या नावाने शोधून सगळ्या काढतो. काम अर्धवट राहिलं तर माझ्या गळ्याशी राहील."

मी म्हटलं, "काढू नकोस."

ते म्हणाले, "तुम्ही दुःखात आहात. तुम्हाला आत्ता कळणार नाही."

मी विचारलं, "प्रतीतही आहेत का त्या चौकटी?"

त्यांनी पायाने टेबलाखालचा डबा दाखवला आणि म्हणाले, "सगळं ह्यात असतं. हीसुद्धा साफ करतो, काळजी करू नका."

काळजी करू नका म्हणाले. त्यानंतर मी डबा उचलला. त्यांनी "मावशी, मावशी" केलं, पण माझ्या अंगाला हात लावायचा त्यांना धीर झाला नाही. त्या बाबतीत त्यांचं वळण चांगलं आहे.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सुहैर बाई माझ्या सांगण्यावरून घरी आल्या. त्यांचा यात दुसरा काही संबंध नाही, त्यांना बोलावू नये. त्यांनी डबा जोडला, प्रत उघडली आणि ओंबीच्या नावाच्या चौकटी शोधल्या. दोन हजार तीनशे आठ निघाल्या. त्यांची छपाई माझ्या घरी सुरू आहे. काल संध्याकाळपर्यंत सहाशे चाळीस पानं झाली. अजून तेवढीच होतील. तोपर्यंत डबा मिळणार नाही, मग मला इथे बसवून ठेवायचं तर ठेवा.

सुहैर बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली. दोन हजार तीनशे आठपैकी एक हजार नऊशे एकसष्ट चौकटी एकाच सदस्येच्या उत्तरांत आहेत. तिचं नाव "बिनसाखरेची". फोरमवर ही बाई सगळ्यांना ठाऊक आहे. ओंबीने काही लिहिलं की ही पाठोपाठ यायची आणि तिचं एकेक वाक्य वेगळ्या चौकटीत घेऊन खाली त्यातली चूक दाखवायची. तीन वर्षं हे चाललं. फोरमवर लोक मुद्दाम ते भांडण वाचायला येत. हियाम गेल्यावर एकाने लिहिलंही की, आता बिनसाखरेची कुणाचं रक्त पिणार.

फौजदारांनी विचारलं, ही बाई कोण, तिचा पत्ता माहीत आहे का, तिच्यावर तुमचा संशय आहे का.

ती मी आहे.

कारण विचारलं म्हणून सांगते. आमच्या आईचा लग्नातला काळा पायघोळ झगा होता, छातीवर तिने स्वतः भरलेला. आई गेल्यावर तो हियामकडे राहिला, ते मला चाललं, कारण ती आईपाशी होती. २००४ सालच्या शरदात हियामने त्या झग्याच्या छातीचा चौकोन कात्रीने कापून काढला. का, तर शिवणीसकट तो स्कॅनरच्या काचेवर सपाट बसत नव्हता आणि तिला तो नमुना फोरमवर टाकायचा होता. मी शिवण शिकवते. उसवता आलं असतं, एका दुपारचं काम होतं. मला फोन केला असता तर मी उसवून दिलं असतं. तिने कापला. मी तिला विचारलं तर म्हणाली, "पेटीत पडून कसर लागण्यापेक्षा दोन हजार बायका भरतील ते बरं नाही का?" त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही. ईदला भावाकडे गेले तर ती स्वयंपाकघरात आणि मी दिवाणखान्यात. आता तो नमुनाही फोरमवर नाही, आणि कापलेला चौकोन कुठे ठेवला ते अदीबच्या बायकोला माहीत नाही.

मी फोरमवर गेले ती तो नमुना बघायला. नाव काहीतरी द्यावं लागतं, शोकाच्या मांडवात देतात तसली बिनसाखरेची कडू कॉफी समोर होती, तेच दिलं. नमुन्याच्या खाली तिने आईच्या मकमूऱ्याबद्दल लिहिलेलं होतं, आणि ते चुकीचं होतं. मी चौकट धरली. ते संभाषण छापून निघालं आहे, त्यातलं थोडं इथे सांगते.

ओंबी: "माझी आई मकमूऱ्याला पाच थर लावायची."

बिनसाखरेची: "पाच थरांचा मकमूरा आळशी बायका करतात. सात लागतात."

ओंबी: "बाई, तुमच्या आईने सात लावले असतील. मी माझ्या आईचं सांगते आहे."

बिनसाखरेची: "मग तुमच्या आईला मोजता येत नसेल."

हे मी माझ्या आईबद्दल लिहिलं. फौजदारांनी इथे लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. लिहा म्हटलं.

चौकट मी मुद्दाम धरायचे, नंतर तिने "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणून हात वर करू नयेत यासाठी. पुरावा म्हणून. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. रोज दुपारी मुलं जेवली की मी बसायचे आणि आज हिने काय चुकीचं लिहिलं ते बघायचे. तिने चुकीचं लिहिलं नाही तर माझा दिवस वाया जायचा.

तिने मला ओळखलं होतं का, असं फौजदारांनी विचारलं. मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की देखरेख करणाऱ्या बाईला कुठल्याही सदस्याला हाकलता येतं आणि मला हाकला असं तिला बऱ्याच जणींनी सांगितलं. एकदा तिने जाहीर उत्तर दिलं होतं. ती चौकट मिळाली आहे: "असू दे. ती उद्धट आहे, पण गाव तिला माहीत आहे. सात थरच होते, मी आता मोजून पाहिले." ती आजारी असल्याचं मला अदीबने सांगितलं तेव्हाही मी भांडण थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तिला कळलं असतं की मी कोण आहे. आणि ती तापात असली तरी तासाभरात उलट उत्तर द्यायची, त्यावरून मला समजायचं की आज बरी आहे.

आता दि. ३ फेब्रुवारीची नोंद. रविवार होता. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ओंबीने "आजीची पेटी" मध्ये नवा विषय मांडला. ती घरीच होती, दुसऱ्या दिवशी तिला इस्पितळात नेलं. विषय चार-पाच ओळींचा होता. मला पहिली आणि शेवटची ओळ आठवते. मधल्या ओळी आठवत नाहीत, म्हणून मला ती नोंद हवी आहे. पहिली ओळ, औषधांमुळे तोंडाची चव गेली आहे आणि पाणीसुद्धा गंजलेल्या नळाचं लागतं. शेवटची ओळ, अशा वेळी आई काय द्यायची, कुणाला आठवतं का?

फौजदार म्हणाले, "बाई, तुमची आई काय द्यायची ते फोरमवरच्या परक्या लोकांना कसं आठवणार?"

मी त्यांना पुढचं लिहून घ्यायला सांगितलं.

त्या विषयापुढचे आकडे मी दि. ५ ला इस्पितळातून परत आल्यावर पाहिले. वाचणारे एकोणीस. उत्तरं शून्य. ज्याला उत्तर नाही त्याला चौकट नाही. सुहैर बाईंनी डबा तीनदा धुंडाळला. तिचं दोन हजार तीनशे आठ वेळचं बोलणं मिळालं, आणि हे एक मिळालं नाही. ते फक्त बुरहानच्या बटणामुळे गेलं असं मी इतके दिवस म्हणत होते, आणि त्यांच्यावरचा माझा राग जराही कमी झालेला नाही. त्यांनी शुक्रवारी उरलेल्या चौकटींना हात लावू नये असा त्यांना लेखी हुकूम द्यावा, ही माझी मागणी कायम आहे.

पण एकोणीस वाचणाऱ्यांतली एक मी होते. रविवारी साडेचारच्या सुमारास, चहाचा पेला हातात होता. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, दोनदा. मला उत्तर माहीत होतं. मी लिहिलं नाही. का लिहिलं नाही हे फौजदारांनी दोनदा विचारलं. त्या नोंदीत काही चुकीचं नव्हतं. काय लिहायचं ते मला सुचलं नाही, म्हणून मी कॉम्प्युटर बंद केला.

आई सुमाकचे लाल आंबट दाणे कोमट पाण्यात भिजत घालायची, अर्धा तास, मग फडक्याने गाळून त्यात चिमूटभर मीठ, आणि ते चमच्याने जिभेवर थांबवत थांबवत द्यायची. साखर घालायची नाही. एवढं या जबाबात लिहून घ्यावं, मग फौजदारांना ते कामाचं वाटो किंवा न वाटो.

हा जबाब मी सांगितला तसा फौजदार अदहम यांनी हाताने लिहून घेतला आणि मला सावकाश वाचून दाखवला. सुमाक भिजवण्याची वेळ त्यांच्याकडून राहिली होती, ती माझ्या सांगण्यावरून घातली. बाकी मी ऐकलं, ते बरोबर आहे. त्यात मला चूक काढायची नाही.

सही: इब्तिहाज फव्वाज मलकावी
समक्ष: फौजदार अदहम
दुपारी १२.४५